लय नक्की कुणाची? पाहुणा कंडक्टर, पियानो आणि बीथोवनचा चौथा कॉन्चेर्टो

तिसरी रांग (धागाकर्ता)

परवा एका कॉन्सर्टला गेलो होतो. घरी आलो तरी डोक्यातून जाईना, म्हणून इथे ओकतोय. वाद्यवृंदाचं आणि कलाकारांचं नाव मुद्दाम देत नाही. पुढे तक्रार आहे, आणि ती एका रात्रीपुरती आहे. कंडक्टर म्हणजे छडी हलवून वाद्यवृंद चालवणारा, तिकीट फाडणारा नव्हे, हा विनोदही मीच आत्ता करून टाकतो, म्हणजे प्रतिसादांत नको.

कार्यक्रम असा: आधी बीथोवनचं 'कोरिओलान' ओव्हर्चर (वाद्यवृंदाची छोटी रचना), मग त्याचाच चौथा पियानो कॉन्चेर्टो (एक पियानो आणि त्याच्यासमोर अख्खा वाद्यवृंद), मध्यांतरानंतर सिबेलियस या संगीतकाराची पाचवी सिंफनी (नुसत्या वाद्यवृंदाची मोठी रचना). कंडक्टर पाहुणा, या वाद्यवृंदासमोर पहिल्यांदाच उभा राहिलेला. पियानोवर एक बाई होत्या, त्यांना मी आधी दोनदा ऐकलंय आणि दोन्ही वेळा खूश होऊन परतलोय.

ओव्हर्चर संपलं, व्हायोलिनवाल्यांनी खुर्च्या मागे ओढल्या, पियानो मधोमध आणून चाकं अडकवली, झाकण उभं केलं. बाई आल्या, बसल्या, स्टूल अर्धा इंच खाली घेतलं, पुन्हा पाव इंच वर घेतलं.

हा कॉन्चेर्टो ज्यांनी ऐकलाय त्यांना सुरुवात ठाऊक आहे. वाद्यवृंद गप्प. एकटा पियानो, तोही हळू, पाच बार (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन) वाजवतो आणि वाक्य अर्धवट ठेवून थांबतो. मग तारवाद्यं त्याहून हळू आवाजात उत्तर देतात, पण जी मेजर ही मूळ पट्टी सोडून थेट बी मेजरमध्ये. इतक्या वेळा ऐकूनही त्या ठिकाणी माझ्या पोटात खड्डा पडतो.

परवा बाईंनी ते पाच बार फार सावकाश घेतले. विचार करत बोलणारा माणूस मधेच शब्द शोधतो ना, तसे. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. आणि मग वाद्यवृंद आला तो सरळ वेगळ्या लयीत. धावला असं नाही म्हणणार, पण कानाला लागेल इतका पुढे. बाईंनी काहीतरी विचारलं आणि समोरच्याने घड्याळात बघत उत्तर दिलं, असं झालं. पुढचे दोन-अडीच मिनिटं पियानो गप्पच असतो, तेवढा वेळ मी नुसता चडफडत बसलो.

तर प्रश्न: कॉन्चेर्टोत लय कुणाची? पाहुण्या कंडक्टरने सोलोइस्टचं, म्हणजे एकट्याने वाजवणाऱ्या मुख्य वादकाचं, ऐकायचं की नाही?

शंकासुर

छान लिहिलंय. मला यातलं फार कळत नाही, म्हणून अगदी बाळबोध प्रश्न. कंडक्टरला पियानो ऐकू येत असेलच की. मग ती जितकी हळू वाजवतेय तितकंच हळू सुरू करायला अडचण काय?

उगाच आलो

पाच बार म्हणजे किती सेकंद? पंधरा-वीस. त्यावरून झोप उडाली? कमाल आहे.

माझा नेहमीचा मुद्दा: ज्या माणसाच्या हातून एकही स्वर निघत नाही त्याला मधोमध उभं कशाला करतात? तो नसता तर वाद्यवृंदाने बाईंचं ऐकलं असतं आणि धागाकर्ते शांत झोपले असते. (ह. घ्या.)

मंद्रसप्तक

@शंकासुर, प्रश्न बाळबोध नाही, सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे.

मी एका हौशी वाद्यवृंदात व्हायोला (व्हायोलिनचा जरा मोठा, खर्जातला भाऊ) वाजवतो आणि आम्ही हाच कॉन्चेर्टो पाहुण्या कंडक्टरबरोबर केलाय. त्या पाच बारांत आमच्या बाजूला काय चाललेलं असतं ते सांगतो. धनुष्य आधीच तारेवर टेकवून ठेवलेलं असतं, कारण ते हवेतून आणलं तर पहिला स्वर खरखरतो. आवाज इतका हळू हवा असतो की हात थरथरला तर मागच्या रांगेलाही कळतं. माझ्या पार्टवर, म्हणजे स्वरलिपीच्या कागदावर, त्या जागी पेन्सिलीने चष्म्याचं चित्र काढलेलं आहे. जगभरच्या वादकांची ही खूण: इथे कागदात नाही, वर बघ.

आता वर बघून दिसतं काय? छडी खाली येते तिथे आमचा स्वर सुरू होतो असं बाहेरून वाटतं. खरी माहिती त्याच्या आधीच्या उचलण्यात असते. छडी किती वेगाने वर गेली त्यावरून आम्ही पुढची लय ओळखतो. म्हणजे कंडक्टरला बाईंचा पाचवा बार संपायच्या आत उचल द्यावी लागते. बाई शेवटच्या स्वरावर किती रेंगाळणार हे त्या क्षणी त्यांनाही पक्कं ठाऊक नसतं. पूर्ण ऐकून मग उचलावी तर भोक पडतं. आधी उचलावी तर त्यांच्या वाक्यावर पाय पडतो.

घरच्या कंडक्टरची उचल आम्हाला पाठ असते. त्याने भुवई हलवली तरी कळतं. पाहुण्याची उचल दोन-तीन तालमींत शिकायची असते, आणि त्या तालमींचा बराच वेळ सिंफनी खाते. त्यात काही वाद्यवृंदांना छडीच्या जरा मागून वाजवायची सवय असते, काहींना छडीवरच. नवा माणूस पहिल्या तालमीत हात खाली आणतो आणि आवाज येतच नाही, मग एक क्षण त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. आमच्याकडे आलेला तर चक्क थांबला आणि म्हणाला, "तुम्ही कशाची वाट बघताय?" पहिल्या बाकावरून, म्हणजे सगळ्यांत पुढे बसणाऱ्या व्हायोलिनवाल्यांकडून, उत्तर गेलं, "तुमचीच."

त्यामुळे धागाकर्त्यांची तक्रार खरी असेलही, पण 'ऐकलं नाही' हा निष्कर्ष घाईचा वाटतो.

उगाच आलो

म्हणजे कंडक्टर नसलेलाच बरा, हेच सिद्ध झालं ना?

अर्धमात्रा

@उगाच आलो, तेही करून झालंय. मॉस्कोत १९२२ ते १९३२ 'पेर्सिमफान्स' नावाचा कंडक्टरविरहित वाद्यवृंद होता. न्यूयॉर्कचा 'ऑर्फियस चेंबर ऑर्केस्ट्रा' १९७२ पासून कंडक्टरशिवाय वाजवतो. मोझार्ट आपले कॉन्चेर्टो कीबोर्डवर बसूनच चालवायचा. तालमी मात्र जास्त लागतात, कारण एकाने ठरवायच्या गोष्टी सगळ्यांनी मिळून ठरवायच्या असतात. एकत्र कुटुंबात भाजी कुठली करायची हे ठरायला जेवढा वेळ लागतो तेवढा.

मूळ प्रश्नाबद्दल: हे भांडण एकदा थेट प्रेक्षकांसमोर मांडलं गेलंय. एप्रिल १९६२, कार्नेगी हॉल, न्यूयॉर्क फिलहार्मोनिक, ब्राम्सचा पहिला कॉन्चेर्टो, पियानोवर ग्लेन गूल्ड. वाजवण्याआधी कंडक्टर लेनर्ड बर्नस्टाइन प्रेक्षकांकडे वळला आणि सांगून टाकलं की गूल्डच्या कल्पनेशी मी पूर्ण सहमत नाही, इतकी संथ लय मी कधी स्वप्नातही आणली नव्हती. मग हाच प्रश्न त्याने विचारला: कॉन्चेर्टोत मालक कोण, सोलोइस्ट की कंडक्टर? आणि स्वतःच म्हणाला, कधी हा, कधी तो, माणसं कोण आहेत त्यावर. एवढं बोलून त्याने गूल्डच्याच लयीत कंडक्ट केलं. समीक्षकांनी दोघांनाही धुतलं. रेकॉर्डिंग उपलब्ध आहे, जरूर ऐका. मला गूल्ड पटत नाही, पण बर्नस्टाइनचा वाद्यवृंद त्याच्याबरोबर कसा चालतो ते ऐकण्यासारखं आहे.

आणि चौथ्या कॉन्चेर्टोचा पहिला जाहीर प्रयोग तर गोंधळाचा बादशहा. २२ डिसेंबर १८०८, व्हिएन्ना, थिएटर आन देअर वीन. एकाच संध्याकाळी पाचवी सिंफनी, सहावी सिंफनी, हा कॉन्चेर्टो, सी मेजर मासचे (चर्चमधल्या प्रार्थनासंगीताचे) भाग, एक गायनाची रचना, बीथोवनचं उत्स्फूर्त वादन आणि शेवटी 'कोरल फँटसी'. चार तास, कडाक्याची थंडी, तालमी अपुऱ्या. फँटसीत वाद्यवृंद घसरला, तेव्हा बीथोवनने सगळ्यांना थांबवून पुन्हा सुरू करायला लावलं. ऐकू येणं तोवर बरंच कमी झालेलं. कॉन्चेर्टोत सोलोइस्ट म्हणून तो जाहीरपणे बसला तो त्या रात्री शेवटचा. त्यामुळे त्या पाच बारांनंतर लय बिघडणं ही परंपराच असण्याची शक्यता आहे!

अवांतर: धागाकर्त्यांच्या कार्यक्रमाची आखणी विचारपूर्वक केलेली दिसते. 'कोरिओलान' आणि हा कॉन्चेर्टो दोन्ही मार्च १८०७ मध्ये प्रिन्स लोबकोवित्झच्या वाड्यातल्या खासगी मैफलीत पहिल्यांदा वाजले होते.

शंकासुर

@मंद्रसप्तक, चष्म्याचं चित्र! हे आवडलं.

अजून एक. समजा कंडक्टर आणि पियानोवाली दोघांचं जमलंय. तरी मागे बसलेल्यांना पियानो नीट ऐकू येतो का? झाकण तर आमच्याकडे उघडं असतं.

खुंटीपिळू

हा आमच्या खात्यातला प्रश्न, म्हणून येतो. पोटापाण्यासाठी पियानो सुरात लावतो.

कॉन्सर्ट ग्रँड साधारण पावणेतीन मीटर लांब आणि जवळपास पाचशे किलोचा. झाकणाच्या बिजागऱ्या खर्जाच्या बाजूला, म्हणजे वाद्यवृंदाच्या बाजूला असतात. ते उभं केलं की प्रेक्षकांकडे आवाज फेकला जातो आणि वाद्यवृंदाच्या वाट्याला झाकणाची पाठ येते. मागे बसलेल्यांना खर्जाचा घुमारा मिळतो, वरच्या पट्टीतलं बारीक काम अंधुक. शिवाय अंतर. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे दहा मीटर मागे बसलेल्याला स्वर जवळपास तीस मिलिसेकंद उशिरा पोचतो. त्याने ऐकून वाजवलं तर त्याचा स्वर परत पुढे यायला तेवढाच उशीर. म्हणून मागचे लोक कानापेक्षा डोळ्यावर विसंबतात. @उगाच आलो, तो माणूस मधोमध उभा असतो त्याचं हे एक कारण.

ट्यूनिंगचंही तसंच. एरवी ओबो (एक फुंकवाद्य) सूर देतो आणि सगळे त्याला मिळवतात. पियानो स्टेजवर आला की ओबोलाही पियानोपुढे मान तुकवावी लागते. ते बिचारं वाद्य आयत्या वेळी हलवता येत नाही ना. मी दुपारी रिकाम्या सभागृहात लावून जातो. रात्री दिवे तापतात, माणसं भरतात आणि वरचे स्वर किंचित सरकतात. मग मी मागे उभा राहून नखं खातो.

याच कॉन्चेर्टोतली माझी आवडती गोष्ट सांगतो, विषय सरकला तरी चालेल. दुसऱ्या मूव्हमेंटमध्ये (कॉन्चेर्टोच्या दुसऱ्या भागात) पियानोला जवळजवळ सगळीकडे डावा पेडल आहे, 'उना कोर्दा', एक तार. बीथोवनच्या वेळच्या पियानोत तो पेडल दाबला की हातोड्या सरकून तीन तारांऐवजी दोन आणि आणखी दाबला की खरोखर एकाच तारेवर पडायच्या. ट्रिलच्या (शेजारचे दोन स्वर भरभर आलटून पालटून वाजवण्याच्या) वाढत्या जोराला त्याने तशा सूचनाही लिहून ठेवल्यात: एक, मग दोन, मग तीन, आणि परत. आजच्या पियानोत सरकणं तेवढं होतच नाही, एक तार मिळतच नाही. मग वादक मला विचारतात, "जरा मऊ करता येईल?" मी हातोडीच्या लोकरीला सुया टोचून ती थोडी सैल करतो, पण फार टोचली तर तिसऱ्या मूव्हमेंटची धार जाते. दोन्हीकडून मार.

उगाच आलो

सुया टोचणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदा भेटला. धागा आता आवडायला लागलाय, हे कुणाला सांगू नका.

अर्धमात्रा

पियानोवादक मारिया जुआँव पिरेशचा व्हिडिओ आठवला. ॲमस्टरडॅम, कंडक्टर रिकार्डो शाई. वाद्यवृंद मोझार्टच्या विसाव्या पियानो कॉन्चेर्टोची, डी मायनरमधल्या, सुरुवात करतो आणि तिच्या लक्षात येतं की आपण भलताच कॉन्चेर्टो तयार करून आलोय. चेहरा पडलेला. शाई एका हाताने कंडक्ट करत हसत तिच्याशी बोलतोय, तिला धीर देतोय. तिची पाळी येते आणि ती आठवणीतून सगळं बिनचूक वाजवते.

पण तिथे वाद्यवृंदाची लांबलचक सुरुवात होती, तिला सावरायला दोन मिनिटं मिळाली. चौथ्यात ती सोय नाही. पहिलाच स्वर तुझा, आणि तोही हळू. कित्येक पियानोवादक म्हणतात की सगळ्या कॉन्चेर्टोंमधली ही सर्वांत भीतिदायक सुरुवात. त्यामुळे स्टूल पाव इंच वरखाली करणाऱ्या बाईंबद्दल मला सहानुभूती आहे.

मागचा बाक

बरेच दिवस नुसता वाचत असतो, पण या धाग्यावर लिहावंच लागेल. तिसरी रांग, तुम्ही सांगताय ती कॉन्सर्ट मीही ऐकली असं वाटतंय. स्टूलवरून ओळखली. मी वाद्यवृंदाच्या मागे, कोरससाठी असतात त्या बाकांवर होतो. तिथून पियानो धड ऐकू येत नाही (खुंटीपिळू बरोबर आहेत, सगळा खर्ज), पण कंडक्टरचा चेहरा समोर दिसतो.

आणि मी सकाळच्या तालमीलाही होतो, ती बघायला मिळाली होती. सकाळी बाईंनी ते पाच बार बरेच सरळ घेतले होते. वाद्यवृंद त्याच लयीत आला, जोड दिसलीसुद्धा नाही. कंडक्टर एकदाच वाजवून पुढे गेला, कारण दुरुस्त करायला काही नव्हतं.

रात्री त्या सावकाश गेल्या. पाचव्या बारला कंडक्टर छडीकडे, वाद्यवृंदाकडे कुठेच बघत नव्हता, तो त्यांच्याकडे बघत होता. त्याने उचल दिली ती संथ होती, मी शपथेवर सांगेन. पण व्हायोलिनचा पहिला बाक त्याच्या हाताआधी सुटला. सकाळच्या लयीत. आणि पहिला बाक सुटला की बाकीचे सुटतात. कंडक्टरच्या चेहऱ्यावर एक क्षण काहीतरी आलं आणि गेलं. मग त्याने जे केलं ते मला आवडलं: ओढून मागे आणलं नाही. तसं केलं असतं तर गाडी तिथेच रुळावरून उतरली असती. तो त्यांच्याबरोबर गेला आणि पुढची काही मिनिटं हळूहळू, कुणाला कळणार नाही अशी लय सैल करत आणली.

मंद्रसप्तक

@मागचा बाक, अगदी अगदी! असंच होतं. इतक्या हळू प्रवेशाला आम्ही छडीपेक्षा पहिल्या बाकाचं धनुष्य बघतो, आणि पहिला बाक सकाळी जे जमलं त्यावर विश्वास ठेवतो. जमलेली तालीम ही फार धोक्याची चीज आहे. आमच्या कंडक्टरने हीच जागा तालमीत सहा वेळा घेतली होती, प्रत्येक वेळी बाईंना वेगळ्या लयीत वाजवायला सांगून. आम्ही वैतागलो होतो. आता कळतंय.

तिसरी रांग

@मागचा बाक, आता मात्र माझी पंचाईत झाली. दोन दिवस ज्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या त्याची चूक नव्हतीच म्हणायची. मी डावीकडे तिसऱ्या रांगेत होतो, बाईंचे हात अगदी समोर, कंडक्टरची फक्त पाठ. पाठीवरून मी निकाल दिला.

तुम्ही म्हणताय ते लय सैल करणं मलाही जाणवलं होतं, फक्त मी त्याचं श्रेय बाईंना देऊन मोकळा झालो होतो! ते पाच बार पुढे पुन्हा येतात तेव्हा पियानो ते गरजून वाजवतो, तिथे दोघांची लय तंतोतंत एक होती. आणि काडेन्झानंतर, म्हणजे पियानो एकटाच मोकळा वाजवतो त्या जागेनंतर, ट्रिल संपता संपता वाद्यवृंद आत आला तो इतका अलगद की शेजारच्या आजोबांनी "आहा" म्हटलं, चांगलं मोठ्याने.

दुसऱ्या मूव्हमेंटचं लिहायचं राहिलंच. नुसती तारवाद्यं, सगळी मिळून एकच कठोर ओळ, जोरात. मग पियानो, मऊ. पुन्हा ती कठोर ओळ. पुन्हा पियानो. ग्रीक पुराणकथेतला गायक ऑर्फियस पाताळातल्या शक्तींना विनवतोय असं बरेच जण सांगतात, मला नेहमी घरातलं भांडण वाटतं, ज्यात एकजण आवाज चढवत नाही म्हणून दुसऱ्याला हळूहळू उतरवावा लागतो. परवा कंडक्टरने तारवाद्यांना इतक्या पायऱ्या पायऱ्यांनी खाली आणलं की शेवटी धनुष्य फिरताना दिसत होती आणि आवाज आहे की नाही कळत नव्हतं.

शंकासुर

आणि सिबेलियस? त्याचं काहीच नाही सांगितलं.

तिसरी रांग

उत्तम झाली. पाहुण्याचा खरा जीव त्यातच असणार, स्कोअर (स्वरलिपीचं पुस्तक) न उघडता कंडक्ट केली. शेवटी ते सहा आघात असतात, प्रत्येकाच्या मध्ये भली मोठी शांतता. तिसऱ्या आघातानंतर वरच्या मजल्यावरून एकाने टाळ्या सुरू केल्या. त्याच्यावर जी 'शू' झाली ती टाळ्यांपेक्षा मोठी होती. कंडक्टरचा हात हवेत होता तसाच राहिला, बोटसुद्धा हललं नाही.

अर्धमात्रा

त्या टाळीवाल्याला सोडून द्या. १७७८ मध्ये पॅरिसहून मोझार्टने वडिलांना लिहिलं होतं की सिंफनीच्या मधल्याच एका जागेला लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तो खूश होता. ती जागा त्याने टाळ्या याव्यात म्हणूनच लिहिली होती.

उगाच आलो

मीही एकदा तिथेच वाजवल्या होत्या. वेगळ्या गावी, वेगळ्या वर्षी. आज पहिल्यांदा कबूल करतोय.

मागचा बाक

एक राहिलं, तेवढं सांगतो. तिसरी मूव्हमेंट सुरू होते तेव्हा तारवाद्यं अगदी हळू सुरुवात करतात आणि मग पियानो ती धून घेतो, आणि त्याच्याखाली फक्त एक चेलो असतो. बाकी सगळे गप्प. चेलोवाला झाकणाच्या पाठीमागे, त्याला बाईंचे हात दिसणं शक्यच नाही. कंडक्टरने तिथे छडी खाली घेतली, अंगाला चिकटवून, आणि अर्धं पाऊल मागे सरकला. चेलोवाल्याने खुर्चीतच अंग तिरकं केलं आणि बाईंच्या डाव्या खांद्याकडे बघून वाजवायला लागला. दुसऱ्यांदा ती जागा आली तेव्हा बाईंनीही मान वळवली होती.

तिसरी रांग

मला ते दिसलंच नाही. मी हात बघत होतो.